तलंग की तलंगा

सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर माझ्या डोक्यामागे पाटी आहे:
इथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
लोक ती नीट वाचतात,
मग वाकून हळूच विचारतात,
पेढा की बर्फी, एवढंच सांगा.
मी म्हणते, रिपोर्ट पाचनंतर.

सहाला घणसोली गावठाणात
चपला काढायच्या आत फशीआत्या दारात.
पायांनी उलटं धरलेलं पिल्लू.
"मान वर उचलतंय बग. तलंगा."
दुसरं नुसतं लोंबकळलं. "ही तलंग."
तिसरं शिटलं तिच्या मनगटावर,
त्याचा निकाल तिने राखून ठेवला.

शेजारचा दामोजी तुरा बघतो,
सहाव्या आठवड्यात लालसर झाला की नर, पैज.
माझी धाकटी पंख पसरून पिसं मोजते.
कुणी दोऱ्याला सुई बांधून वर धरली,
सुई गोल फिरली आणि आळी खूश.
खुराड्यात मुलगी झाली की सगळे खूश.
अंडी घालेल, खुडूक बसेल, वंश वाढवील.
नराला फक्त चैत्र,
कार्ल्याच्या आईचा मान.

माझी दुसरीही मुलगीच, तेव्हा
आत्या काही बोलली नव्हती.
बंबात पाणी तापत होतं ते बघायला गेली
आणि बराच वेळ आलीच नाही.

सात पिल्लांत एक वाकडी.
वरची चोच उजवीकडे, खालची डावीकडे,
कात्री मिटताना मधे काही अडकावं तशी.
बाकीची कणी टिपायची,
ही फरशीवर नुसती टकटक करायची,
दाणा असायचा जागेवरच.
"जगाची नाय ती," आत्या म्हणाली,
आणि निकाल दिला: तलंग. हलकी आहे ना, म्हणून.

मी श्रीखंडाचा डबा घेतला, खोल,
त्यात कणी भिजवून लापशीसारखी.
ती चोच बुडवते, फावडं मारते,
अर्धं छातीवर, अर्धं पोटात.
रविवारी टॉवेलात गुंडाळून मांडीवर,
लग्नातल्या मेकअप बॉक्सची नखं घासायची पट्टी
पहिल्यांदा कामाला आली.
जास्त घासलं की रक्त येतं.
एकदा आलं. हळद दाबून बसले,
तिचं काळीज माझ्या तळहातावर
शिलाई मशीनसारखं.
पिसं साफ करता येत नाहीत तिला,
उवा होतात. चुलीची राख आता
कुठे मिळते गावठाणात?
दामोजीच्या तंदूरची आणली.

चौथ्या महिन्यात पहाटे
शटर अर्ध्यात अडकल्यासारखा आवाज.
मी गॅलरीत. आत्या गॅलरीत.
समोरच्या टॉवरची चार बाथरूमं उजळली.
वाकडी पत्र्यावर उभी, मान ताणून,
आणि वाकड्या चोचीतून ते अर्धं आरवणं
एका बाजूला सांडत होतं.

आत्या कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली.
सुई, तुरा, पंख, मान, सगळे खोटे पडलेले.
मग म्हणाली, "खोडीचा मान आईला चालत नाय.
आन् काट्यावर तरी काय भरंल?
ऱ्हावदे."
टॉवरवाल्यांनी चिठ्ठी पाठवली, आवाजाबद्दल.
तिने तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या.
नाव मात्र वाकडीच राहिलं.
वाकडी आला, वाकडी जेवला.

परवा पाचव्या महिन्याची एक बाई
रिपोर्ट घेऊन बाकावर बसून राहिली.
तिने पाटी वाचली नव्हती,
पेढा बर्फी विचारलं नव्हतं.
डॉक्टर म्हणाले होते, वरचा ओठ जुळलेला दिसत नाही,
ऑपरेशन होतं, चांगलं होतं.
सेंटर बंद करायची वेळ झाली.
ती म्हणाली, पण तोवर
दूध कसं ओढेल हो ते?

मला काय माहीत. मी पावत्या फाडते.
तिच्यासमोर डबा, लापशी, टॉवेल
यातलं काहीही बोलायचं नव्हतं मला.
तरी शेजारी बसले.
म्हटलं, वेळ लागतो. सांडतं खूप.
आणि पंखा बंद करायला उठलेला हात
तसाच खाली घेतला.